फोटोतली फरशी

घरबसल्या चित्र बघून फ्लोअरिंग मागवणं ही आपल्या पिढीची आयडिया आहे, असं वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी लोक सीअर्सच्या कॅटलॉगमधून लिनोलियम मागवत होते!

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुगा यांचा तागाच्या कापडावर दिलेला थर. १८६३ मध्ये फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने त्याचं पेटंट घेतलं. नाव इतकं रुळलं, की १८७८ मध्ये कोर्टाने त्याच्या कंपनीला त्यावर हक्क द्यायला नकार दिला. (आपल्या 'झेरॉक्स'ची आठवण झाली ना?)

खरी मेख नक्षीत होती. 'इनलेड' प्रकारात रंग आरपार, त्यामुळे झिजलं तरी नक्षी शाबूत. स्वस्त मालात ती नुसती वरून छापलेली. पुढे तर डांबरात भिजवलेल्या फेल्टवरच छापून विकायला लागले. कॅटलॉगच्या पानावर सगळेच देखणे! दारापाशी, जिथे वावर जास्त, तिथली नक्षी आधी उडायची.

सध्या मी फ्लॅटसाठी लॅमिनेट बघतोय. तेही काय, दाबलेल्या भुशाच्या फळीवर लाकडाचा फोटो, वर पारदर्शक थर. म्हणजे स्क्रीनवर आपण फोटोचा फोटो बघतो! टिकणं अवलंबून त्या थरावर, आणि तो दिसत नाही. एसी३ की एसी४, हे दोन ठिकाणी लिहिलंच नव्हतं. होम लोनचे हप्ते चालू आहेत, तेव्हा आधी नमुन्याचा तुकडा मागवलाय.

आईने एकच विचारलं, "बादलीभर पाणी ओतून पुसता येईल का?"

नाही. सांध्यांत पाणी मुरलं की फुगतं.

"मग शहाबादी घाल."