खडी इथे, कारखाना तिकडे

मराठवाड्यात रस्त्याचे किंवा रेल्वेचे काम निघाले की ‘कुशल माणूस मिळत नाही’ ही तक्रार ठरलेलीच. नांदेड-लातूरचा इतिहास पाहिला तर तिचे नवल वाटत नाही. कसब जिथे बांधकाम होते तिथे क्वचितच मुरते. ते मुरते जिथे रोज दुरुस्ती चालते तिथे. या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला मात्र बांधकाम आले आणि मोठी दुरुस्ती दुसरीकडे गेली. 1900च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज नांदेडवरून धावू लागली, पण तिचा कारखाना सिकंदराबादजवळ लालागुड्याला. 1911 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. अडीच फुटी रूळ, एका आसावर पाच टनांचाच भार, इंजिने लीड्सची. त्या काळी हे तंत्र चांगलेच पुढचे होते. त्याचा कारखाना मात्र कुर्डुवाडीला. लातूर पडले टोकाचे स्टेशन. तिथे आडत फुलली, हमालांना काम मिळाले. झिजलेल्या चाकाची कड कितपत चालेल हे नजरेने ओळखणारी माणसे कुर्डुवाडीत तयार झाली.

रस्त्यांची कथा याहून कठोर आहे. 1972च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला बसली. डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्या हातातल्या हातोडीने बोटे सांभाळत फोडायचा, ढीग लावायचा आणि ब्रासने मोजून मजुरी घ्यायची. पुढे 1977च्या रोजगार हमी कायद्यानेही हमी दिली ती अकुशल कामाचीच. उपासमार टळली, हे त्या योजनेचे ऋण मोठेच. पण वर्षभर खडी फोडणारी बाई वर्षाअखेरीलाही कागदोपत्री अकुशलच राहिली. दगडाची शीर ओळखणे हे कौशल्य नव्हे, असे कोणी ठरवले?

यावर कोणी म्हणेल, इथल्या पोरांना हात काळे करायचेच नाहीत. प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर घडवले, फिटर कोण होणार? त्यात तथ्य आहे, पण कारण उलटे लावले जाते. ज्या परीक्षेची शिडी डोळ्यांना दिसली तिच्यावर लातूरने पोरे चढवली. खलाशी, फिटर, मिस्त्री ही शिडी गावात उभी असती तर तिलाही गिऱ्हाईक मिळाले असते. एसटीकडेच पाहा: दोन्ही शहरांत आगारे आली, तिथे रोज गाड्या उघडल्या-जोडल्या जाऊ लागल्या आणि मेकॅनिकही इथलाच तयार झाला. दुसरा आक्षेप असा, की ठेकेदार बाहेरून माणसे आणतो आणि काम वेळेवर उरकते. उरकते खरे, पण माणसे निघून जातात आणि पुढच्या टेंडरला तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला, 25 डिसेंबर 2020 रोजी तिथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. पुढे तिथे बनायच्या 120 वंदे भारत स्लीपर गाड्यांचा करार झाला, तोही 35 वर्षांच्या देखभालीसह. अठराव्या वर्षी उमेदवार म्हणून लागलेल्या मुलाचे जवळपास सगळे कामाचे आयुष्य त्यात मावते. त्या देखभालीचा एक डेपो जोधपूरला होतो आहे.