उडून गेलेले कबूतर आणि नूरजहाँ

नूरजहाँचे नाव निघाले की पुष्कळांना पहिल्यांदा एक कबूतर आठवते. शहजादा सलीम बागेत मेहरुन्निसाच्या हाती दोन कबुतरे देतो आणि पुढे जातो. परत येतो तेव्हा तिच्या हाती एकच उरलेले असते. दुसरे कसे उडाले, असे तो रागाने विचारतो. ती हातातलेही सोडून देते आणि म्हणते, "असे!" या भोळेपणावर शहजादा भाळतो आणि पुढे ती मलिका होते.

गोष्ट गोड आहे, पण तिला समकालीन आधार नाही. जहांगीरने आपल्या कारकिर्दीची हकिकत स्वतः लिहिली आहे. 'तुझुक-ए-जहांगिरी'त पक्ष्यांविषयी तर पुष्कळच मजकूर आहे. मुकर्रबखानाने १६१२ साली गोव्याहून आणलेल्या टर्कीचे त्याने तपशीलवार वर्णन केले. सारसाच्या एका जोडीला त्याने लैला आणि मजनू अशी नावे दिली आणि त्यांनी अंडी कशी उबवली हेही नोंदवून ठेवले. पक्ष्यांचा एवढा शौकीन बादशहा या कबुतराविषयी मात्र एक ओळही लिहीत नाही. लग्नापूर्वीच्या या प्रेमकथेवर बेनीप्रसाद यांनी १९२२ सालच्या आपल्या जहांगीरविषयक ग्रंथात सडेतोड शंका घेतली, तरी लोकांच्या मनातली कथा हलली नाही.

मोगलांच्या घरात कबूतर ही साधी चीज नव्हती. बाबरचे वडील उमर शेख मिर्झा १४९४ मध्ये वारले ते अख्सीच्या किल्ल्यावरची ढाबळ दरीत कोसळून. अकबर कबूतरबाजीला 'इश्कबाजी' म्हणत असे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शाही कबुतरांची संख्या वीस हजारांहून अधिक दिली आहे; त्यांतली पाचशे खासा, म्हणजे निवडक. छावणी हलली की ढाबळीही माणसांच्या खांद्यावरून निघत आणि कबुतरे मागोमाग उडत जात.

अशा जाणकारांच्या लेखी कबूतर उडाले म्हणजे लगेच हरवले, असे होत नाही. त्याच्यामागे कोणी धावत नाही. गच्चीवर दाणे टाकायचे, ओळखीची शीळ घालायची, आपला थवा वर सोडायचा आणि आभाळाकडे नजर लावून बसायचे, हाच त्याचा शोध. चुकलेला पक्षी थव्यात मिसळतो आणि थव्याबरोबर उतरतो. मात्र तो परक्या थव्यात मिसळून परक्या गच्चीवर उतरला, तर पुष्कळदा पकडणाऱ्याचाच होऊन बसतो. अकबराच्या ढाबळीतले सर्वांत नामांकित कबूतर मोहना हेही मूळचे त्याचे नव्हते. ते खान-ए-आझम कोकलताशचे; पुढे बादशहाच्या हाती आले आणि त्याच्या वंशात अश्की, परीजाद, अल्मास अशी नावाजलेली कबुतरे निपजली.

जहांगीरने तर कबुतरांच्या घरी परतण्याच्या गुणाला कामाला लावले. बगदादच्या खलिफांची संदेशवाहक कबुतरे त्याने ऐकली होती. त्याने आपल्या कबूतरबाजांना तसे शिक्षण द्यायला सांगितले. मांडूहून सकाळी सोडलेली कबुतरे बऱ्हाणपूरला पोहोचत. पाऊस असला तर दीड ते अडीच प्रहर लागत, आभाळ स्वच्छ असले तर बहुतेक एका प्रहरात जात, असे तो लिहितो.

आता दंतकथेकडे पुन्हा पाहा. जिथे कबुतराचे उडणे आणि परतणे रोजचेच, तिथे "कसे उडाले?" हा प्रश्न शहजाद्याला पडावा कशाला? ही कथा रचणाऱ्यांना कबुतराशी कर्तव्य नव्हते. एका कर्तबगार स्त्रीच्या उदयाला त्यांना सोपे कारण हवे होते. तिची हुशारी मान्य करण्यापेक्षा तिचा भोळेपणा सांगणे सोयीचे होते.

खरी मेहरुन्निसा १५७७ साली कंदाहारजवळ जन्मली. तिचा पहिला नवरा शेर अफगन १६०७ मध्ये बरद्वानला मारला गेला. १६११ मध्ये जहांगीरशी निकाह झाला तेव्हा ती चौतिशीची विधवा होती आणि पदरी एक मुलगी होती. १६१७ मध्ये तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारले. ही नोंद खुद्द बादशहाची आहे. तिच्या नावाची नाणी निघाली, तिच्या मोहोरेचे हुकूम सुटले. आग्र्यात वडील इतिमाद-उद-दौला यांची संगमरवरी कबर तिने बांधवली. ती १६२८ मध्ये पूर्ण झाली.

आपल्या मुलींना नूरजहाँ सांगायची तर ही सांगावी. ते कबूतर कधी उडालेच नव्हते, त्याला शोधण्यात चार शतके घालवण्याचे कारण नाही. हरवली आहे ती ही स्त्री, आणि तिच्या खुणा नाण्यांवर, हुकुमांवर, दगडांवर आजही शिल्लक आहेत.