ही तलवार कोणाची?

मराठवाड्यातील जुन्या मुस्लिम घरांतून अजूनही एखादी तलवार निघते. कुठे ती माळवदाच्या किलचनात खोचलेली असते, कुठे जुन्या पेटीच्या तळाशी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर भीतीपोटी कित्येक तलवारी विहिरीत गेल्या, असे वडीलधारी मंडळी सांगत. ज्या उरल्या त्यांच्याभोवती कहाण्या जमल्या. कोणी तिला टिपू सुलतानची म्हणतो, कोणी आलमगीर बादशहाची.

अंबाजोगाईला, म्हणजे जुन्या मोमिनाबादेत, अशीच एक तलवार आमच्या हाती आली. घरचे बुजुर्ग म्हणाले, "सर, तुम्ही उर्दू-फारसी वाचता. हिच्यावर नाव कुठे आहे, तेवढे सांगा." आम्ही पाते तेलाच्या फडक्याने पुसले, उन्हात तिरपे धरून पाहिले. ना फारसी अक्षर, ना इंग्रजी, ना कसला ठसा. बुजुर्गांचा चेहरा उतरला.

परंतु नावावर फार विसंबूही नये. इराणचा नामांकित कारागीर असदुल्लाह इस्फहानी याचेच पाहा. 'अमल-ए-असदुल्लाह' असे कोरलेली पाती इतकी आढळतात आणि त्यांवरील सनांमध्ये एवढे अंतर आहे, की एका माणसाच्या हयातीत ती घडणे शक्य नाही. युरोपी कारखान्यांचे ठसेही आपल्याकडच्या लोहारांनी पात्यांवर उमटवले. नाव उसने घेता येते. घडण मात्र सहसा लपत नाही.

म्हणून आम्ही टेप लावली. मूठ अस्सल हिंदुस्थानी होती: लोखंडी, हातात घट्ट बसणारी, वर गोल तबकडी. पाते मात्र वेगळे. उत्तम हिंदुस्थानी-इराणी फौलादात पाण्याच्या लहरींसारखा जो जौहर दिसतो, तो इथे नव्हता. अर्थात वारंवार घासल्याने जौहर बुजतो, तेव्हा एवढ्यावर निर्णय देता येत नाही. पण पात्याला चांगला बाक, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ, पाठ सपाट, आणि टोकाकडे निमुळते होण्याऐवजी पाते रुंद झालेले. लांबी सुमारे ३३ इंच.

हे सारे इंग्रजांच्या हलक्या घोडदळाच्या १७९६ च्या नमुन्याशी जुळते. ल मार्शां या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्न या तलवार-कारखानदाराच्या मदतीने तो नमुना तयार केला होता. अशा पात्यांवर कारखानदाराचे नाव बहुधा पाठीवर, मुठीजवळ असे. मूठ बदलली की नेमकी तीच जागा झाकली जाते, आणि गंज खरवडताना झिजते ती वेगळीच.

इंग्रजी पात्याला हिंदुस्थानी मूठ कोणी बसवली? याचे उत्तर कॅप्टन नोलान याच्या घोडदळावरील १८५३ च्या ग्रंथात सापडते. निजामाच्या स्वारांनी रोहिल्यांशी झालेल्या चकमकीत केलेले घाव ऐकून तो थक्क झाला होता. चौकशी केली, तर त्या तलवारी म्हणजे इंग्रज फौजेने टाकून दिलेली जुनी पाती निघाली! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवली होती, वस्तऱ्यासारखी धार दिली होती आणि लाकडी म्यान केले होते. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात धार बोथट होई. लाकडात ती टिके. शिवाय लढाईवाचून तलवार उपसायची नाही, हा रिवाज.

मोमिनाबाद ही याच फौजेची छावणी. तेव्हा ही तलवार बहुधा कोणा सुलतानाची नसून एका साध्या स्वाराची असावी. आम्ही तसे सांगितले. बुजुर्ग थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे आमचे पणजोबा इंग्रजांचे नोकर?"

प्रश्न टोचणारा होता. ही फौज निजामाच्या नावाची, पण अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५८ मध्ये हैदराबाद कंटिंजंटचे स्वार सर ह्यू रोजच्या सैन्यात झाशीवर चालून गेले, हे खरे. पण त्याआधी, जून १८५७ मध्ये, याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उठाव केला. तो मोडून काढल्यावर कित्येकांना देहदंड झाला. तिथला काळा चबुतरा त्यांच्याच आठवणीचा. त्या जागेला आज क्रांती चौक म्हणतात. एकाच फौजेतले, एकाच घडणीच्या तलवारी बाळगणारे लोक दोन बाजूंना गेले.

हा स्वार कोणत्या बाजूला होता, ते पाते सांगत नाही. आम्हीही सांगितले नाही. वंशजाला खूश करण्यासाठी एखादी बाजू देऊन टाकणे सोपे होते; पण मग आम्ही आणि 'टिपूची तलवार' म्हणणारे यांत फरक काय राहिला असता?

बुजुर्गांनी तलवार पुन्हा फडक्यात गुंडाळली. मात्र या वेळी एका चिठ्ठीवर आमच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या: पाते इंग्रजी, मूठ हिंदुस्थानी, लांबी ३३ इंच, स्वाराचे नाव ठाऊक नाही.