दगडातील पान

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा संपली आणि अकरावीत शिकणारी एक मुलगी आमच्यापाशी आली. म्हणाली, "फादर, बायबलमध्ये सहा दिवस आणि जीवशास्त्राच्या पुस्तकात कोट्यवधी वर्षे. परीक्षेत एक लिहायचे आणि चर्चमध्ये दुसरे म्हणायचे का?" आम्ही घाईत होतो. "श्रद्धा ढळू देऊ नकोस," एवढे सांगून आम्ही तिची बोळवण केली. पुढचे दोन रविवार ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला आली नाही, तेव्हा आमच्या उत्तरातील पोकळपणा आम्हालाच बोचू लागला.

उत्तर द्यावयाचे तर आधी स्वतः पाहावयास हवे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने आपल्या लाखो नमुन्यांच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या आहेत. जे पाहण्यासाठी पूर्वी सातासमुद्रापार जावे लागे, ते आज सोलापुरातील धर्मग्रामाच्या कचेरीत बसून पाहता येते. आम्हीही पाहू लागलो, आणि एका पानाच्या चित्रापाशी थबकलो. जिभेच्या आकाराचे, मध्यशीर स्पष्ट उमटलेले, दगड होऊन गेलेले पान. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस इंडिका.

हे पान मात्र भारतातले नव्हते. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने फेब्रुवारी १९१२ मध्ये ते अंटार्क्टिकाच्या बर्फाळ डोंगरातून गोळा केले होते. अन्न संपत आले होते, पाय गारठले होते. तरीही सुमारे १६ किलो दगड त्यांनी टाकून दिले नाहीत. ती माणसे वाटेतच मरण पावली. शोधपथकाला त्यांच्या देहांसोबत हे दगडही मिळाले.

मग नावात 'इंडिका' कशासाठी? कारण ही वनस्पती भारतातील खडकांतून विद्वानांना आधीच परिचित झाली होती. या ओळखीच्या इतिहासात आपल्या नागपूरचा वाटा मोठा आहे, आणि तो मिळवून देणारा मनुष्य एक मिशनरी होता.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे आपल्या पंथाचे नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे ते १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवावी, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून घ्याव्यात आणि फिरता फिरता दगड तपासावेत, असा त्यांचा क्रम होता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. त्यांनी पाठविलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. दरम्यान, १८५९ साली डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघाला होता.

हिस्लॉप यांच्या दगडांनी काय सांगितले? खालच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिसची पाने आहेत. पण फुलझाडांचा तेथे मागमूस नाही. त्याच्या पुष्कळ वर, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात मात्र शंखांबरोबर फळे आणि बियाही दगड होऊन बसल्या आहेत. एकाच जिल्ह्याच्या भूमीत, खालून वर, जीवसृष्टी पालटत गेलेली दिसते. आज आपण जाणतो की, ती पाने पंचवीस कोटी वर्षांहून जुनी आहेत आणि तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूर आणि अंटार्क्टिका येथे एकाच कुळातील पाने सापडतात, कारण ती भूमी तेव्हा जोडलेली होती. त्या प्राचीन महाखंडाला शास्त्रज्ञांनी गोंडांच्या देशावरूनच गोंडवन हे नाव दिले.

आपल्या सोलापुरास असे जीवाश्म लाभले नाहीत. येथे विहीर खणली की मुरूम, मग काळा पाषाण, पुन्हा पाषाणच. तप्त लाव्हात पान टिकत नाही. परंतु भुईकोट किल्ल्याचे चिरे आणि ज्वारी पिकविणारी आपली काळी माती त्याच लाव्हाची लेकरे आहेत. तळ्यांचा तो गाळ हिस्लॉप यांनी प्रत्यक्षाहून अलीकडच्या काळातला मानला होता. पुढील संशोधकांनी ती चूक दुरुस्त केली. यात त्यांना उणेपणा नाही. विज्ञान असेच पुढे सरकते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. १८८३ साली नागपुरात सुरू झालेल्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

वाचकहो, दगड वाचण्याची ही विद्या आपल्या घराण्यालाही परकी नाही. डेन्मार्कचे निकोलस स्टेनो यांनी खडकांत सापडणारे त्रिकोणी दगड हे शार्क माशांचे दात आहेत, हे दाखवून दिले. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूशास्त्राचा पहिला धडा त्यांनी १६६९ साली लिहिला. त्याआधी दोन वर्षे ते कॅथॉलिक झाले होते; पुढे धर्मगुरू झाले, बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. याच पोप महोदयांनी १९९६ साली पाँटिफिकल विज्ञान अकादमीला कळविले की, उत्क्रांती हा आता केवळ एक तर्क राहिलेला नाही. मनुष्याचा आत्मा मात्र थेट परमेश्वराने निर्मिलेला आहे, ही शिकवणही त्यांनी दृढ केली. पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच मानवी देहाच्या उगमाविषयी संशोधन करण्यास मोकळीक दिली होती. आणि त्याही पूर्वी, पंधराशे वर्षांमागे, संत ऑगस्टिन बजावून गेले की, सृष्टीविषयी अज्ञानाने बोलणारा ख्रिस्ती मनुष्य पवित्र शास्त्रालाच हास्यास्पद करतो.

त्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आधी क्षमा मागितली. मग तिला व तिच्या आईवडिलांना ते पान दाखविले आणि सांगितले, "बाळ, परीक्षेत दगड जे सांगतात ते लिही. चर्चमध्ये, ते दगड कोणाचे आहेत ते म्हण. उत्पत्तीचा ग्रंथ आपल्याला निर्माणकर्ता कोण, हे सांगतो. वर्षांची मोजदाद तो आपल्या शोधावर सोडतो."

तिने बराच वेळ चित्र न्याहाळले. मग विचारले, "फादर, ही माणसे मरत होती, तरी त्यांनी दगड का टाकले नाहीत?"

पुढच्या रविवारी ती वर्गात पहिल्या बाकावर होती. तिचा हा प्रश्न आम्ही वर्गापुढे ठेवला आणि या वेळी घाई केली नाही.