मार्कंडा, लालपेठ आणि सार्वजनिक शिल्पाची संकल्पना

प्रस्तावना

एखाद्या गावाच्या उद्यानात शिल्प उभारावयाचे ठरले म्हणजे चर्चेचा आरंभ बहुधा दोन प्रश्नांनी होतो : पुतळा कोणाचा आणि उंची किती ? सार्वजनिक रस्ते, पदपथ व अन्य लोकोपयोगी जागी पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला. त्यामुळे जागेची निवड हा केवळ सोयीचा विषय राहिला नाही. शिल्प कोठे असावे, ते लोकांनी कसे पाहावे आणि त्याची राखण कोणी करावी, हे प्रश्न रचनेच्या आरंभीच विचारणे अगत्याचे झाले. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरे दगडात उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा परामर्श घेतला आहे.

मार्कंडा : चालत पाहावयाचे शिल्प

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या तीरावर तटबंदीच्या आत लहानमोठ्या मंदिरांचा समूह आहे. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम याने त्याची सविस्तर पाहणी केली व मुख्य मंदिराच्या शिल्पवैभवाची तुलना खजुराहोशी केली. बाह्यांगावर त्याने चारशेहून अधिक आकृती मोजल्या. मानवी आकृतींच्या मधोमध सिंह व हत्ती असल्याचेही त्याने नोंदविले.

येथे संख्येपेक्षा मांडणी अधिक विचारार्ह आहे. एकही मूर्ती संपूर्ण भिंत व्यापत नाही. आडव्या थरांत बसविलेल्या आकृती प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पावलागणिक एकेक करून समोर येतात. भिंतीचे कोन पुढेमागे असल्याने सकाळी उजळलेली मूर्ती दुपारी छायेत जाते. म्हणजेच पाहणाऱ्याची वाट हा येथे रचनेचाच एक घटक आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत हजारो लोक ही वाट चालतात, तेव्हा शिल्प पाहण्यासाठी वेगळ्या आमंत्रणाची गरज उरत नाही.

मंदिराचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत जाड खांब व कमानी घालून तो सावरण्यात आला, असे जुन्या वृत्तांतांत नमूद आहे. हे आधार मूळ कोरीव कामाशी मेळ खात नाहीत. तथापि ते घातले गेले नसते तर उर्वरित छतही टिकले नसते. राखण करणारा प्रत्येक वेळी मूळ शिल्पकाराइतका कुशल असेलच असे नाही, हे रचनाकाराने आधीच गृहीत धरले पाहिजे.

लालपेठ : अपूर्ण राहिलेला संकल्प

चंद्रपूरच्या लालपेठ भागात याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. तेथे उघड्या जागेत एकेका अखंड पाषाणातून घडविलेल्या प्रचंड मूर्ती आहेत. दशमुखी दुर्गा त्यांत सर्वांत मोठी असून तिची लांबी पंचवीस फुटांच्या आसपास आहे. गणपती, हनुमान, नंदी, शिवलिंग, मत्स्य व कूर्म हेही तेथे आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी गृहस्थाने भव्य देवालय बांधण्याच्या हेतूने या मूर्ती घडवून घेतल्या. परंतु देवालय पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे निधन झाले, अशी परंपरा आहे.

मूर्ती सिद्ध झाल्या, पण त्यांना मंडप, जोते वा प्रदक्षिणामार्ग लाभला नाही. ज्या कोनातून त्या पाहावयाच्या होत्या तो कोनच निर्माण झाला नाही. केवळ आकारमानाने शिल्प सार्वजनिक होत नाही, याचे याहून ठळक उदाहरण या प्रदेशात नाही.

माडियांच्या स्मृतिशिळा

दक्षिण गडचिरोलीतील माडिया गोंड समाजात मृताच्या स्मरणार्थ अनघड शिळा उभी करण्याची प्रथा आहे. शिळेवर छिन्नी चालत नाही. दगड शोधणे, वाहून आणणे व रोवणे हे आप्तस्वकीयांचे सामुदायिक कर्म असते. कोरीव कामाचा अभाव असूनही कोणती शिळा कोणाची, हे गाव जाणते. येथे शिल्पाची मालकी श्रमातून सिद्ध होते.

निष्कर्ष

या तिन्ही उदाहरणांवरून उद्यानशिल्पाच्या रचनेविषयी काही निष्कर्ष निघतात. प्रथम, लोकांची नित्याची वाट आखावी आणि शिल्प त्या वाटेवर यावे. दुसरे, खर्चाचा विचार मूर्तीपुरता न ठेवता जोते, सावली व देखभाल यांसह करावा. पारा ४७ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात उन्हात तापलेल्या धातूच्या पुतळ्याजवळ दुपारी कोणी थांबत नाही. तिसरे, निवडीत व उभारणीत गावाचा प्रत्यक्ष सहभाग असावा. शिवाय मार्कंड्यासारख्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या परिसरात २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार पहिल्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी अनिवार्य आहे.

रायप्पाकडे पाषाण होता, कारागीर होते व द्रव्यही होते. त्या मूर्तींभोवती माणसांनी फिरावे अशी जागा मात्र घडली नाही. आज उद्यानातील पुतळ्याची केवळ उंची ठरवून उठणाऱ्या समितीने एकदा लालपेठेत जाऊन उभे राहावे, हे अधिक उपयुक्त ठरेल.