ऑस्करनंतरची शाळा : रिचर्ड विल्यम्स आणि ॲनिमेशनची हरवू लागलेली विद्या

१९७३ साली लंडनच्या सोहो स्क्वेअरमधील एका ॲनिमेशन स्टुडिओने आपली सारी कामे महिनाभर बंद ठेवली. स्टुडिओचे मालक रिचर्ड विल्यम्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या लघुपटाला त्याच वर्षी ऑस्कर मिळाले होते. अशा वेळी कोणत्याही धंदेवाईक माणसाने आलेली गिऱ्हाइके सांभाळली असती. विल्यम्स यांनी मात्र अमेरिकेहून पासष्टीच्या एका चित्रकाराला बोलावून घेतले आणि आपल्या सहकाऱ्यांबरोबर ते स्वतः त्याच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसले. माणूस चालतो कसा, येथपासून ती शिकवणी होती.

विल्यम्स तेव्हा चाळीस वर्षांचे होते. नामवंत गवयाने भरल्या मैफलीतून उठून पुन्हा पलटे घोटायला बसावे, तसाच हा प्रकार. ही वेळ त्यांच्यावर का आली आणि इतकी वर्षे शिकत राहण्याचे बळ त्यांनी कोठून आणले, याचा हा इतिहास. त्या बळाने त्यांच्याकडून काय वसूल केले, हेही त्यात आलेच.

विल्यम्स यांचा जन्म १९३३ चा, कॅनडातील टोरोंटोचा. पाचव्या वर्षी आईने त्यांना ‘स्नो व्हाइट’ दाखवला आणि मुलाच्या डोक्यात चित्रे हलू लागली. पंधराव्या वर्षी हा मुलगा बसने थेट लॉस एंजेलिसला, डिस्नेच्या दारी पोहोचला. तेथे मिळालेला सल्ला कोरडा होता : आधी चित्र काढायला शिक. मुलाने तो मनावर घेतला, इतका की पुढे काही वर्षे ॲनिमेशनचे नावच टाकले. कलाशाळा झाली, स्पेनमधील इबिझा बेटावर रंगचित्रांत बुडून राहणे झाले. पण कॅनव्हासवरची माणसे जागची हलत नाहीत, ही खंत काही जाईना. १९५५ मध्ये ते लंडनला आले आणि ‘द लिटल आयलंड’ या अर्ध्या तासाच्या चित्रपटाला त्यांनी सुमारे तीन वर्षे दिली. १९५८ मध्ये तो पुरा झाला, नावाजला गेला, बाफ्ता पुरस्कारही मिळाला.

येथे या कथेला पहिले वळण मिळते. ‘द लिटल आयलंड’ सुरू करताना विल्यम्स यांना डिस्नेचा ‘बॅम्बी’ जुन्या वळणाचा, सरधोपट वाटला होता. स्वतःचा चित्रपट हातावेगळा केल्यावर त्यांनी तोच ‘बॅम्बी’ पुन्हा पाहिला आणि चित्रपटगृहातून आपण अक्षरशः रांगत बाहेर पडलो, असे पुढे लिहिले. हे त्या लोकांनी केले तरी कसे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. हरणाचे पाडस बर्फावर घसरते तेव्हा त्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे त्या चित्रकारांना ठाऊक होते. विल्यम्स यांना ते ठाऊक नव्हते. तीन वर्षे राबल्याशिवाय हे अज्ञान त्यांना दिसलेही नसते. कोणत्याही कारागिरीत डोळा हाताच्या आधी तयार होतो आणि बहुतेकांचा धीर नेमका या मधल्या काळात सुटतो. विल्यम्स यांचे वेगळेपण असे की त्यांना या अंतराची लाज वाटली, तरी त्यांनी ते लपवले नाही.

तरी दहाएक वर्षे तशीच गेली. जाहिराती मिळत होत्या, चित्रपटांच्या शीर्षकांची कामे गाजत होती, नाव होत होते. मग १९६७ च्या अखेरीस ‘द जंगल बुक’ आला. वॉल्ट डिस्ने आदल्याच वर्षी वारले होते. विल्यम्स फारशा उत्सुकतेने चित्रपट पाहायला गेले नव्हते, पण पडद्यावर शेरखान नावाचा वाघ चालत आला आणि त्यांनी ओळखले की आपण कितीही वर्षे काम केले तरी आपल्या आजच्या ज्ञानावर असा वाघ चालवू शकणार नाही. घरी जाऊन त्यांनी वाघाचे ॲनिमेटर मिल्ट काल यांना पत्र लिहिले. चौतिशीतला, स्वतःचा स्टुडिओ असलेला दिग्दर्शक एखाद्या शाळकरी चाहत्यासारखे पत्र लिहितो, हे दृश्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळी या विद्येची स्थिती काय होती, तेही पाहायला हवे. १९३० च्या दशकात डिस्नेने आपल्या चित्रकारांसाठी स्टुडिओतच शाळा चालवली होती आणि चालण्याचे, वजनाचे, कापडाच्या लहरींचे बारकावे तेथे शोधले गेले होते. पण १९६० च्या दशकात वारे फिरले. वॉर्नर ब्रदर्सने आपला कार्टून स्टुडिओ १९६३ मध्ये बंद केला. दूरचित्रवाणीला स्वस्त माल हवा होता, म्हणून पात्राचे धड स्थिर ठेवून केवळ ओठ हलवण्याची पद्धत रूढ झाली. जुने जाणकार साठी-सत्तरीत पोहोचले होते आणि त्यांचे बरेचसे ज्ञान कागदावर कधी उतरलेच नव्हते. ते त्यांच्या हातांत होते, म्हणजे त्यांच्याबरोबरच जाणार होते.

विल्यम्स यांनी मग एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी या म्हाताऱ्यांना नोकरीवर ठेवले.

पहिले केन हॅरिस. जन्म १८९८ चा. वॉर्नरमध्ये चक जोन्स यांच्या हाताखाली रोड रनरच्या मागे धावणाऱ्या कायोटीला त्यांनी वर्षानुवर्षे दरीत ढकलले होते. मालकापेक्षा नोकर वयाने दुप्पट. विल्यम्स यांची रेखाटने पाहून हॅरिस यांनी सांगितले, की तुझे चित्र उत्तम आहे, पण तू ॲनिमेटर नाहीस. पगार देणाऱ्याला असे सुनावणारा नोकर आणि ते निमूट ऐकणारा मालक, दोघेही दुर्मीळच. विल्यम्स हॅरिस यांचे मदतनीस झाले. हॅरिस हालचालीतली मुख्य चित्रे काढत आणि विल्यम्स त्यांच्यामधली चित्रे भरत. मधली चित्रे भरणे हे या धंद्यात उमेदवाराचे काम. पण हॅरिस यांचा हात कोठे थांबतो, कोठे घाई करतो, हे तेथेच बसून कळत होते. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणारा शिष्य जे मिळवतो, तेच हे.

ही विद्या नेमकी कशाची, हे एका साध्या उदाहरणावरून समजते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक नाणे टेबलाच्या डाव्या टोकाकडून उजवीकडे एका सेकंदात न्यायचे आहे असे समजा. प्रवासाला लागणारा वेळ ठरलेला आहे. याला टायमिंग म्हणतात. मधल्या चौकटींत नाणे समान अंतरावर मांडले तर ते यंत्रासारखे सरकते. तेच सुरुवातीला आणि शेवटी दाटीने व मध्ये विरळ मांडले, तर ते सावकाश निघते, वेग घेते आणि हळुवार थांबते. वेळ तीच, नाणे तेच. या मांडणीला स्पेसिंग म्हणतात. ग्रिम नॅट्विक हे १८९० साली जन्मलेले, बेटी बूपला घडवणारे ॲनिमेटर. सारे काही या दोन गोष्टींत आहे, असे त्यांनी विल्यम्स यांना सांगितले होते. ऐकायला दोन मिनिटे लागतात. हातात उतरायला वर्षे जातात.

दमून सोडून देण्याची कारणेही येथेच दडलेली आहेत. काही सेकंदांच्या हालचालीसाठी शेकडो कागद लागत. ते कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपायचे, फिल्म धुऊन येईपर्यंत थांबायचे आणि मग पात्र लंगडते आहे असे दिसले, की पुन्हा कोरे कागद घ्यायचे. आजच्या पडद्यावर एक कळ दाबून हालचाल तपासणाऱ्याला या थांबण्याची कल्पना येणे कठीण. पण विल्यम्स यांचा उत्साह याच फेऱ्यावर पोसला गेला असावा. त्यांच्यासमोर ‘महान ॲनिमेटर व्हायचे’ असे धूसर ध्येय नव्हते. आजचे पाऊल जमिनीवर टेकल्यासारखे का वाटत नाही, एवढा लहान प्रश्न होता आणि उत्तर ठाऊक असलेला माणूस शेजारच्या खोलीत होता.

मिल्ट काल यांचा एक किस्सा विल्यम्स यांनीच नोंदवून ठेवला आहे. काम करताना आपण शास्त्रीय संगीत ऐकता का, असे त्यांनी काल यांना सहज विचारले. काल भडकलेच. एका वेळी दोन गोष्टींचा विचार करण्याइतके आपण हुशार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. सर्वांत वरच्या दर्जाचा ॲनिमेटर असे म्हणतो, हे ऐकून विल्यम्स यांनी संगीत बंद केले. शांततेत बसणे त्यांना आधी जड गेले, मग काम सुधारू लागले.

आणि मग तो १९७३ चा महिना. वर्ग घेणारे आर्ट बॅबिट म्हणजे गूफीला त्याचे व्यक्तिमत्त्व देणारे ॲनिमेटर. १९३२ च्या सुमारास नग्न मॉडेल बोलावून आपल्या घरी चित्रकलेचा सराव भरवणारेही तेच. वॉल्ट डिस्ने यांनी पुढे तोच वर्ग स्टुडिओत आणला. १९४१ च्या संपात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि डिस्नेशी त्यांचे कायमचे बिनसले. डिस्नेच्या शाळेतली विद्या लंडनला आणली ती डिस्नेने दूर लोटलेल्या माणसाने, यात इतिहासाचा खोडकरपणा आहे. बॅबिट यांनी शिकवले ते असे : पावलात दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात तो क्षण तसाच ठेवा आणि फक्त मधला क्षण बदला. तेथे शरीर वर उचलले तर एक माणूस चालतो, खाली दाबले तर दुसराच. एका मधल्या चित्राने स्वभाव बदलतो. या वर्गाच्या टिपणांच्या प्रती पुढे अनेक ॲनिमेटरांच्या हातोहात फिरल्या.

या साऱ्या शिक्षणाचे एक पात्र होते. १९६० च्या दशकात विल्यम्स यांनी इद्रिस शाह यांच्या मुल्ला नसरुद्दीनच्या कथांसाठी चित्रे काढली आणि त्यातूनच एका मोठ्या चित्रपटाचा आरंभ झाला. शाह यांच्याशी फाटल्यावर मुल्ला गेला, पण चोर आणि चांभार उरले. हाच ‘द थीफ अँड द कॉबलर’. पर्शियन लघुचित्रांच्या वळणाची दृश्ये, आणि बहुतेक ठिकाणी सेकंदाला पूर्ण २४ चित्रे. पैसा जाहिरातींतून यायचा आणि चित्रपटात जिरायचा. चोराच्या हालचाली मुख्यत्वे हॅरिस यांच्या हातच्या. १९८२ मध्ये ते वारले, तेव्हाही चित्रपट अपुराच होता.

अडचण अशी की विल्यम्स शिकत होते आणि शिकलेल्या माणसाला कालचे काम आज कच्चे दिसते. दृश्ये पुन्हा काढली जात. त्यांच्याकडे काम केलेल्यांनी पुढे त्यांच्या कठोरपणाविषयीही मोकळेपणाने सांगितले आहे. ज्या असमाधानाने त्यांना चाळिशीत वर्गात बसवले, त्यानेच त्यांना ‘आता पुरे’ म्हणू दिले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढून एक स्वीकारणे आणि दुसरी नाकारणे सोपे नाही.

१९८८ मध्ये ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’च्या ॲनिमेशनच्या दिग्दर्शनाने त्यांना आणखी दोन ऑस्कर मिळवून दिली आणि अखेर ‘थीफ’साठी मोठ्या स्टुडिओचा पैसा उभा राहिला. त्याबरोबर मुदतही आली. ती पाळली गेली नाही. मे १९९२ मध्ये, थोडाच भाग उरला असताना, चित्रपट त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. इतरांनी तो कापला, त्यात गाणी घातली, पात्रांच्या तोंडी नवे संवाद बसवले आणि १९९३ व १९९५ मध्ये दोन वेगळ्या रूपांत तो प्रदर्शित झाला. सुमारे तीन दशकांचे काम. पुढे बरीच वर्षे विल्यम्स या चित्रपटाविषयी जाहीरपणे बोलत नसत.

ते शिकवू लागले. हॅरिस, बॅबिट, नॅट्विक आणि काल यांच्याकडून मिळालेले सारे त्यांनी आधी कार्यशाळांतून मांडले आणि २००१ मध्ये ‘दि ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ या ग्रंथात छापले. म्हाताऱ्यांच्या हातांत असलेली विद्या अशा रीतीने कागदावर आली. आज जगभरचे विद्यार्थी त्यातल्या आकृत्या पाहून पहिले पाऊल टाकायला शिकतात.

स्वतःचे कामही थांबले नव्हते. ब्रिस्टलमध्ये राहून त्यांनी ॲरिस्टोफेनिसच्या ‘लायसिस्ट्राटा’ या ग्रीक नाटकावर एक चित्रपट हाती घेतला. सहा मिनिटांचा पहिला भाग २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्याचे नाव ‘प्रोलॉग’, म्हणजे नांदी. तेव्हा विल्यम्स ब्याऐंशी वर्षांचे होते. पूर्ण चित्रपटाला ते थट्टेने वेगळेच नाव देत : ‘पुरा होईपर्यंत मी जगेन का?’ १६ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही संध्याकाळी सहा वाजेपर्यंत ते चित्रे काढत आणि लिहीत होते, असे त्यांच्या मुलीने सांगितले.