मुंबईचे बावन्न, सोलापूरचे चाळीस

परवा नातवाचा फोन आला. तो पुण्यात नोकरीला आहे, आता मुंबईहून बोलावणं आलंय. "आजोबा, दीडपट पगार देतायत!" मला एकदम माझी आई आठवली.

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत आणि मामा मुंबईत, लालबागला. मामाचा पगार जास्त. दिवाळीला तो आला की आई वडिलांना हमखास ऐकवायची, "तुम्हाला काय झालं होतं मुंबईला जायला?" वडील गप्प. खरं सांगतो, मलाही तेव्हा ते जरा भित्रेच वाटायचे.

निवृत्तीनंतर जुने अहवाल चाळायचा नाद लागला. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. महिन्याची सरासरी मिळकत निघाली सुमारे ५२ रुपये. १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांची तशीच पाहणी झाली, तिथे ४० च्या आसपास. (मधल्या काळात भाव उतरले होते, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. मास्तर आहे, सांगायलाच हवं!)

म्हणजे आईचंच खरं की! पण पुढे वाचत गेलो. मुंबईकराच्या खर्चात घरभाडं पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. मग मुंबई महाग कशी? त्याच अहवालात आहे: शंभरातली ९७ कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. भाडं कमी, कारण घरच नव्हतं. आणि खाणं? हा कामगार दुष्काळ संहितेत ठरवलेल्या कमाल मापाइतकं धान्य खात होता, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्यापेक्षा कमी. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

मग मामाचा हिशेब नव्याने मांडला. तो गाळ्यात राहायचा. पाळीप्रमाणे एक उठला की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. मामी आणि मुलं गावाला, दर महिन्याला मनिऑर्डर. आमच्याकडे दोन खोल्या होत्या, आईच्या हातची भाकरी होती आणि वडील रोज रात्री घरी असायचे. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

एक गोष्ट शिक्षकांनाही ठाऊक नसते. सरकार मुंबईचा आणि सोलापूरचा महागाई निर्देशांक वेगवेगळा काढतं. तो पाहून लोक कुठलं शहर महाग ते ठरवतात. साफ चूक! पायाभूत वर्षी दोन्हीकडे १०० च धरतात. भाव आपल्याच जुन्या भावांच्या मानाने किती चढले, एवढंच त्यातून कळतं. आम्हा शिक्षकांची वेतनश्रेणी आणि महागाई भत्त्याचा दर दोन्हीकडे सारखाच. फरक मुख्यतः घरभाडं आणि स्थानिक पूरक भत्त्यात. त्या फरकात मुंबईत काय मिळायचं, ते तिथले सहकारी सांगायचे आणि हसायचे.

असो. १९८२ च्या संपात मामाची गिरणी सुटली, तो गावी परतला. मामी म्हणाली होती, "आता ओळख करून घ्यायची."

नातवाला मी एवढंच विचारलंय की खोली किती फुटांची, भाडं किती आणि रात्री घरी किती वाजता पोचशील. अजून उत्तर आलेलं नाही.